दोघांचा तंबू, दोघांचं काम

सहलीहून परत आलेल्या बाईला ‘काय काय पाहिलंत?’ असं सगळे विचारतात. ‘तुम्हाला विश्रांती मिळाली का हो?’ असं मात्र कुणी विचारत नाही. कारण उत्तर आपल्या सगळ्यांना ठाऊक असतं. निघायच्या आठ दिवस आधी चिवडा, शंकरपाळे, दशम्या, औषधांची डबी, सासऱ्यांची मफलर, मुलांचे टॉवेल. तिथे पोचल्यावर कुणाला चहा मिळाला, कुणाचा मोजा हरवला. परत आल्यावर कपड्यांचा डोंगर. घर बदलतं, गाव बदलतं, बाईची ड्यूटी तीच राहते. थंड हवेच्या ठिकाणी जाऊनही तिचा हात गरम भांड्यालाच लागलेला असतो.

हे सगळं पुन्हा मनात आलं ते आमच्या इंदिरानगरातल्या एका जोडप्यामुळे. ताई पन्नाशीच्या, घरी शिकवण्या घेणाऱ्या. त्यांचे मिस्टर अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलगी लग्न होऊन पुण्याला. हे दोघं गेल्या जुलैत आइसलँडला जाऊन आले. हो, आइसलँड. नकाशात युरोपच्या डोक्यावर, समुद्रात एकटं पडलेलं ते बेट. आणि तेही टूर कंपनीबरोबर नाही. दोघांनी तिथे गाडी भाड्याने घेतली, तंबू घेतला आणि बारा दिवसांत सगळ्या बेटाला एक प्रदक्षिणा घातली.

भिशीत ही बातमी कळली तेव्हा पहिली प्रतिक्रिया काय आली असेल? ‘एवढे पैसे घालून तंबूत झोपायचं?’ दुसरी, ‘मुलगी नाही, जावई नाही, दोघंच? बारा दिवस बोलले तरी काय?’ आम्ही सगळ्या हसलो. पण दुसरा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पंचवीस-तीस वर्षं एका घरात राहून, बारा दिवस फक्त एकमेकांच्या सोबतीने काढायचे म्हटल्यावर आपल्या पोटात गोळा का येतो? त्यावर विचार व्हायला हवा, म्हणून हा लेख.

आधी त्या देशाविषयी थोडं. आइसलँड आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. लोकसंख्या चार लाखांच्या आत. २०११ च्या जनगणनेत एकट्या नाशिक शहरात चौदा लाखांच्या वर माणसं होती, म्हणजे बघा! बेटाच्या कडेकडेने फिरणारा एक मोठा रस्ता आहे, त्याचा नंबरच एक. लांबी सुमारे १,३२० किलोमीटर. १९७४ मध्ये दक्षिणेकडच्या, हिमनद्यांच्या पुराने दरवेळी वाट बदलणाऱ्या प्रवाहांवर पूल झाले, तेव्हा कुठे हे वर्तुळ पूर्ण झालं. त्याआधी एका टोकाच्या माणसाला शेजारच्या भागात जायचं तर अख्ख्या बेटाला उलटा वळसा पडायचा.

नाव बर्फाचं असलं तरी पोटात आग आहे. जमिनीतून वाफा निघतात, चिखल रटरट उकळतो. स्ट्रोक्कुर नावाचा एक उकळत्या पाण्याचा झरा दर पाच-दहा मिनिटांनी आकाशात उसळी मारतो. आपल्याकडे वज्रेश्वरीला किंवा जळगावकडच्या उनपदेवला गरम पाण्याची कुंडं आहेत, तसलीच पण रागावलेली, असं ताई म्हणाल्या. तिथली बहुतेक घरं याच जमिनीतल्या गरम पाण्याने उबदार ठेवतात. उत्तरेला मिवातन तळ्याजवळ तर राईच्या पिठाचा पाव डब्यात भरून गरम जमिनीत पुरतात आणि सावकाश शिजू देतात. गॅस नको, लाकूड नको.

आणि ज्या काळ्या दगडावर ते बेट उभं आहे, तो आपल्याला परका नाही. तो बेसाल्ट. आपला ब्रह्मगिरी, अंजनेरी, महाराष्ट्रातला बहुतेक सह्याद्री याच दगडाचा, ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून घडलेला. फरक एवढाच, की आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला आणि त्यांचा अजून जिवंत आहे. २०२१ पासून रेक्याविक या राजधानीच्या नैर्ऋत्येला पुन्हा पुन्हा उद्रेक झाले. २०२३ च्या नोव्हेंबरात ग्रिंदाविक हे सबंध गाव रिकामं करावं लागलं. म्हणून तिथे रोज सकाळी हवामान आणि रस्त्यांची माहिती बघूनच निघायचं, हा पहिला नियम. दुसरा नियम वाऱ्याचा. गाडीचं दार एका हाताने उघडायचं नाही. वारा दार मागे फिरवून मोडून टाकतो आणि भाड्याच्या गाडीचा तो खर्च आपल्या माथी बसतो. तिसरा समुद्राचा. विक गावाजवळच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर लाट अचानक लांबवर आत येते आणि माणसं ओढून नेते. पाठ समुद्राकडे करून फोटो काढायचा नाही, असं तिथे बजावून सांगतात.

जुलैतली थंडी म्हणाल तर दिवसा दहा-बारा अंश. आमच्या निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे याहून जास्त हुडहुडी भरते! पण पाऊस आणि वारा एकत्र आले की तेच दहा अंश हाडात शिरतात. रात्र म्हणावी तर अंधारच पडत नाही. अकरा वाजता ऊन. झोपायला डोळ्यांवर पट्टी बांधायची. ताईंनी घरून ओढणी नेली होती, तिचाच उपयोग झाला.

आता मुद्द्याकडे येते. आइसलँडमध्ये बाहेर जेवणं फार महाग. म्हणून तंबू घेऊन फिरणारी बहुतेक मंडळी स्वतःच रांधतात. ताईंनी भाजणी, मेतकूट, मुगाची डाळ, तांदूळ आणि छोटा कुकर नेला. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून तिथे न्यायला बंदी आहे, तेव्हा तुपाची बरणी घरीच राहिली. स्टोव्हचा गॅस विमानात चालत नाही, तो तिथे उतरल्यावर घेतला. स्कीर नावाचं तिथलं दह्यासारखं घट्ट, आपल्या चक्क्याच्या जवळचं काहीतरी मिळतं, ते खिचडीबरोबर छान लागलं म्हणे.

पहिल्या संध्याकाळी काय झालं, ते ताईंच्या तोंडून ऐकण्यासारखं आहे. ‘तंबू लावून झाला. हे खुर्चीत बसले आणि सवयीने म्हणाले, चहा टाकतेस का? मी गॅस पेटवला, भात-आमटी केली. जेवणं झाली. मग मी उठलेच नाही. वारा सुटलेला, भांडी तशीच. दहा मिनिटं गेली. शेजारच्या तंबूतला एक दाढीवाला माणूस भांड्यांची बादली घेऊन मोरीकडे निघाला, त्याची बायको पुस्तक वाचत बसलेली. यांनी ते बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, अहो, साबण निळ्या पिशवीत आहे.’

एवढंच. भांडण नाही, भाषण नाही. दुसऱ्या दिवसापासून ठरलं, जो रांधेल तो भांडी घासणार नाही. जो गाडी चालवेल तो तंबू लावणार नाही. घरात पंचवीस वर्षांत जे झालं नाही, ते तंबूत दुसऱ्या दिवशी झालं. का झालं असेल? कारण घरात काम लपलेलं असतं. ओट्यामागे, दाराआड, सकाळी सगळे उठायच्या आधी. उघड्या माळावर दोनच माणसं आणि चार भांडी असली की कोण काम करतंय आणि कोण बसलंय, हे लख्ख दिसतं. शिवाय बघायला शेजारचे, सासरचे, ‘बाईमाणसाने करावं’ म्हणणारं कुणी नसतं. पुरुषालाही तेवढंच मोकळं वाटतं. भांडी घासताना कुणी पाहील, ही भीती त्यांनाही असतेच की!

त्या दाढीवाल्या माणसाला मात्र ही भीती नव्हती. ती नसण्यामागे एक इतिहास आहे आणि तो आपण बायकांनी माहीत करून घेण्यासारखा आहे. २४ ऑक्टोबर १९७५ या दिवशी आइसलँडच्या जवळजवळ नव्वद टक्के बायकांनी काम बंद ठेवलं. ऑफिसातलं, कारखान्यातलं आणि घरातलंही. स्वयंपाक नाही, मुलं सांभाळणं नाही. सगळ्या जणी रस्त्यावर जमल्या. पुरुष मुलांना घेऊन कामावर गेले. पटकन शिजणारे सॉसेज दुकानांतून संपून गेले. एका दिवसात देशाला कळलं की घर आणि देश कोणाच्या हातावर चालतात. पुढच्याच वर्षी समान हक्कांचा कायदा झाला. पाच वर्षांनी, १९८० मध्ये, विग्दिस फिनबोगादोत्तिर या बाई राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या. लोकांच्या मतांनी निवडून आलेल्या त्या जगातल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. एकट्या, घटस्फोटित, दत्तक मुलीला वाढवणाऱ्या. त्या सोळा वर्षं पदावर राहिल्या.

२०२३ च्या २४ ऑक्टोबरला तिथल्या बायकांनी पुन्हा दिवसभराचा बंद पाळला. त्या वेळच्या पंतप्रधान बाईही त्या दिवशी कामावर गेल्या नाहीत. म्हणजे सगळं मिळालं असं त्याही मानत नाहीत. पण बाप झालेल्या माणसाला तिथे काही महिन्यांची पगारी रजा मिळते आणि त्यातली बरीचशी त्याने घेतली नाही तर ती वाया जाते, आईच्या नावावर करता येत नाही. त्यामुळे बाबागाडी ढकलणारे पुरुष रस्त्यावर सर्रास दिसतात. जो बाप सहा महिन्यांच्या बाळाचे लंगोट बदलतो, त्याला चार भांड्यांची काय लाज?

आणखी एक गंमत. तिथे लग्न झालं म्हणून बाईचं नाव बदलत नाही. आडनाव असं बहुधा नसतंच. वडिलांच्या किंवा आईच्या नावाला मुलगा असेल तर ‘सोन’ आणि मुलगी असेल तर ‘दोत्तिर’, म्हणजे ‘कन्या’, लावायचं. ती जन्मभर अमक्याची कन्या राहते, तमक्याची बायको होत नाही. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितात. पहिलं नावसुद्धा बदललेल्या किती जणी हे वाचत असतील! माहेरच्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही, असं आमच्या गटातल्या एक आजी म्हणतात, तेव्हा काळजात चर्र होतं.

ताईंना सगळ्यात आवडलेली जागा गुल्फोस, म्हणजे सोन्याचा धबधबा. त्याच्याकाठी एका बाईचा चेहरा कोरलेला दगड आहे. ती सिग्रिदुर टोमासदोत्तिर, १८७१ साली जन्मलेली शेतकऱ्याची लेक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशी पैसेवाल्यांना या धबधब्यावर वीज तयार करायची होती. त्यासाठी तो भाडेपट्ट्याने दिलाही गेला. सिग्रिदुर त्याविरुद्ध उभी राहिली. शंभरावर किलोमीटर चालत ती राजधानीला खेपा घालायची, वेळ आली तर धबधब्यात उडी घेईन म्हणायची, असं तिथे सांगतात. कोर्टात तिला यश आलं नाही. पण भाडं थकलं आणि १९२९ मध्ये करार बारगळला. धबधबा वाचला. तिचा वकील पुढे देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. ती १९५७ मध्ये गेली. शिक्षण बेताचं, हातात सत्ता नाही, पण पाण्यासाठी चालत सुटलेली बाई. पाण्यासाठी चालणं काय असतं हे पेठ-सुरगाण्याच्या आपल्या बहिणींना वेगळं सांगायला नको.

आता एक कळीचा प्रसंग. सहलीच्या सहाव्या दिवशी, बेटाच्या पूर्वेकडे, ताईंच्या मिस्टरांची पाठ धरली. बसलेले उठवेना. पुढचा मुक्काम दीडशे किलोमीटरवर. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि आपल्या उलट, उजव्या बाजूने चालवायची गाडी. ताईंनी किल्ली घेतली. ‘हात थरथरत होते, पण ताशी साठच्या पुढे नेलीच नाही. मागच्या गाड्यांना जागा देत देत पोचलो,’ त्या सांगतात. त्यानंतरचे तीन दिवस गाडी त्यांच्याच हातात होती.

हे जमलं कसं? दोन वर्षांपूर्वी त्यांनी शिकवणीच्या पैशांतून ड्रायव्हिंग स्कूलची फी भरली होती. वयाच्या पन्नाशीत, सकाळी सहाला, पाथर्डी फाट्याकडच्या रस्त्यावर ‘एल’ची पाटी लावून. लोक हसले. घरातूनही ‘आता काय करायचंय शिकून?’ झालं. लायसन्स मिळाल्यावर ते कपाटात ठेवलं नाही, हे विशेष. आपल्यापैकी कितीजणींचं लायसन्स साड्यांच्या घडीखाली आहे? ‘गाडी नवीन आहे, ओरखडा पडेल’ हे वाक्य ऐकून आपण किल्ली परत ठेवून देतो. हायवेवर रात्री नवऱ्याला चक्कर आली तर शेजारी बसलेली बाई नुसती ओरडू शकेल, एवढीच आपली तयारी असावी का?

आपल्याकडे याची उदाहरणं नाहीत असं नाही. पु. ल. देशपांडे यांचं ‘अपूर्वाई’ १९६० मध्ये आलं आणि मराठी मध्यमवर्गाने नवरा-बायकोने मिळून केलेला परदेश प्रवास घरबसल्या अनुभवला. त्याच पुलंच्या घरात गाडी चालवायच्या त्या सुनीताबाई. तेव्हा स्टिअरिंगवरची बाई लोक वळून वळून बघत असतील. आता बघायचं कारण उरलेलं नाही.

तंबूही आपल्याला नवा नाही. दर ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून संत निवृत्तिनाथांची पालखी पंढरीला निघते, तेव्हा दिंडीबरोबर राहुट्या असतात, भांड्यांनी भरलेला ट्रक असतो. किती जोडपी जोडीने चालतात! शेतावर ज्याने कधी तांब्या उचलला नाही असा बाबा दिंडीत पंगत वाढतो, पाणी आणतो. वारीत काम ‘सेवा’ होतं आणि मग ते पुरुषालाही शोभतं. तेच घरी आल्यावर पुन्हा बाईचं का व्हावं? माउलींनी तर असा भेद कुठे सांगितलेला नाही.

आणि दुसरी जोडपी आठवतात. दसरा-दिवाळी झाली की बीडकडून, आपल्या जिल्ह्यातल्या नांदगावसारख्या भागांतूनही ऊसतोडीला निघणारी. नवरा-बायको मिळून तिथे एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाची उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते, तोडणी दोघं करतात, पहाटेच्या भाकऱ्या मात्र तिच्या एकटीच्या. पाचटाच्या कोपीत किंवा प्लॅस्टिकच्या पालात पाच-सहा महिने काढायचे. ना मोरी, ना संडास. अंधार असेतो उरकायचं, पाळीच्या दिवसांतही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जाण्याचा प्रश्न गाजला आणि सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. हौसेचा तंबू आणि पोटासाठीचं पाल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे विसरून सहलीच्या गप्पा मारणं मला तरी जमत नाही.

पण दोन्हीकडे बाईची गरज एकच आहे. आडोसा, पाणी आणि दाराला कडी. ताईंना मी विचारलं, ‘बारा दिवस तंबूत राहायची भीती नाही वाटली?’ त्या म्हणाल्या, ‘अगं, पहिल्या दिवशी तळावर गेल्या गेल्या मी संडास बघून आले. स्वच्छ, गरम पाणी, कडी लागणारी. म्हटलं, आता बारा काय, चोवीस दिवस राहीन.’ तिथे तंबू हवा तिथे ठोकता येत नाही. गाडीत झोपायचं तरी जमीनमालकाची परवानगी नसेल तर ठरलेल्या तळावरच जावं लागतं. हे तळ गावोगावी आहेत. शिवाय छोट्या गावातसुद्धा गरम पाण्याचा पोहण्याचा तलाव असतो, तिथे अंघोळीची सोय. (तिथे एक अडचण आलीच. तलावात उतरण्यापूर्वी बायकांच्या मोकळ्या न्हाणीघरात सगळे कपडे काढून साबणाने अंघोळ करावी लागते. ताई पहिल्यांदा टॉवेल धरून कोपऱ्यात उभ्या राहिल्या. मग शेजारी ऐंशीच्या एक आजी निवांत पाठ चोळताना बघितल्या आणि म्हणाल्या, चला, इथे कोण मला ओळखतंय!)

आता आपला हायवे आठवा. लांबचा प्रवास म्हटला की आपण आदल्या रात्रीपासून पाणी कमी करतो. उन्हाळ्यातसुद्धा. गाडी ढाब्यावर थांबली की आधी दुसऱ्या एखादीला पाठवायचं, ती नाक दाबून परत आली की आपण बसूनच राहायचं. मागच्या वर्षी आमच्या गटातल्या सहाजणी एका लग्नाला निघालो होतो. वाटेत एका पेट्रोल पंपावर बायकांच्या संडासाला कुलूप. किल्ली मागितली तर पोऱ्या म्हणतो, ‘साहेबांकडे आहे, साहेब जेवायला गेले.’ बरोबरच्या एकीला मधुमेह. तिला शेवटी शेताच्या बांधामागे जावं लागलं, आम्ही बाकीच्यांनी साड्यांचा आडोसा धरला. हे सगळ्यांच्या ओळखीचं आहे. लघवी तुंबवून ठेवल्याने मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो, हे डॉक्टरबाई प्रत्येक शिबिरात सांगतात. आपण मान डोलावतो आणि पुढच्या प्रवासात पुन्हा पाणी पीत नाही. पर्यायच नसतो.

हा हक्क आहे, मेहेरबानी नाही, हे आपल्याकडे बायकांनीच मांडलं. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ या नावाने महिला संघटनांनी मोहीम चालवली. बायकांकडून मुतारीचे पैसे का घेता, हा त्यांचा साधा प्रश्न होता. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने महापालिकांना बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं उभारायला सांगितलं. एका मासिकाच्या नावाने बायका कोर्टात गेल्या, म्हणून हा विषय निदान कागदावर तरी आला. कागदावरचा विषय दारापर्यंत आणायचं काम आपलं आहे. नाशिकला सिंहस्थ येतोय. लाखो बायका येतील, तंबूत, मैदानात, घाटावर राहतील. रस्ते किती रुंद होणार याची चर्चा रोज वाचतो. बायकांचे संडास किती आणि कुठे, रात्री तिथे दिवा आणि पाणी असेल का, हे विचारायला वॉर्डातल्या बैठकीला आपणच जायला हवं.

आइसलँडला जाणं सगळ्यांना परवडणारं नाही. ताईंच्या घरी त्यासाठी कित्येक वर्षं पैसे साठवले होते. पण त्या प्रवासातलं जे घेण्यासारखं आहे, त्याला व्हिसा लागत नाही. आपल्याकडे भंडारदरा आहे. नाशिकहून सकाळी निघालं तर जेवायच्या आत पोचतो. प्रवरेवरचं धरण, समोर कळसूबाई, पावसाच्या तोंडावर झाडाझाडावर लुकलुकणारे काजवे. तिथली गावकरी मंडळी तंबूची सोय करतात, पिठलं-भाकरी देतात. दोन दिवस, एक रात्र. मुलांना आजीकडे किंवा मावशीकडे ठेवून फक्त दोघांनी जायचं.

घरात सासू-सासरे असतील तर ‘दोघंच कसे जाणार?’ हा प्रश्न येणारच. तो सोडवायला वहिनी-जावांनी एकमेकींना साथ द्यावी. या महिन्यात धाकटी जाऊ, पुढच्या महिन्यात मोठी. एकीने दुसरीच्या मुलांना सांभाळायचं. ‘आम्हाला कुठे कोणी पाठवलं होतं?’ असं म्हणण्यापेक्षा ‘आम्ही गेलो नाही, तुम्ही जा’ असं म्हणणारी सासू घरात असली तर त्या घराचं सोनं होतं. अशा सासवा आहेत, मी बघितल्या आहेत.

निघण्यापूर्वी मात्र दोघांनी तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. रांधणाऱ्याने भांडी घासायची नाहीत. मुक्काम ठरवताना आधी संडास-बाथरूमची चौकशी करायची, नजाऱ्याची नंतर, आणि ती चौकशी नवऱ्याने फोन करून करायची. येताना अर्धा रस्ता बायकोने गाडी चालवायची, ओरखडा पडला तरी चालेल. गाडी नसेल तर स्कूटर, तीही नसेल तर एसटीची तिकिटं तिने काढायची आणि पैशांचं पाकीट तिच्याकडे राहू द्यायचं.

आणि हो, बोलायचं काय, हा भिशीतला प्रश्न राहिलाच. मी ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘पहिले दोन दिवस मुलीबद्दल बोललो. तिसऱ्या दिवशी विषय संपले. गाडीत शांतता. मग चौथ्या दिवशी यांनी विचारलं, तुला लग्नाआधी काय व्हायचं होतं गं? अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.’ उत्तर काय दिलंत, असं मी विचारलं नाही. तो त्या दोघांचा ठेवा आहे.

हा प्रश्न विचारायला इतक्या लांब जावं लागतं, इतकी वर्षं जावी लागतात, हे काही खरं नाही. आज रात्री जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून, तुम्हीच विचारा ‘अहो, तुम्हाला काय व्हायचं होतं?’ आणि ते उत्तर देत असताना भांडी त्यांच्या पुढ्यात सरकवायला विसरू नका!